मदत हवी आहे: बुक ऑफ केल्ससारखा पिवळा कुठून आणू?

मंडळी, बुक ऑफ केल्स म्हणजे इ.स. 800 च्या आसपासची, वासराच्या कातड्यावर लिहिलेली शुभवर्तमानांची पोथी, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे आणि त्यांनी पानं ऑनलाइन फुकट बघायला ठेवलीयेत. त्यातलं काय-ऱ्हो पान (ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरं रंगवलेलं) एकदा झूम करून बघाच, एवढ्या वेटोळ्यांच्या गर्दीत खाली चक्क एक पाणमांजर मासा तोंडात धरून बसलंय आणि जवळच मांजरं नि उंदीर, मला तर तिथून नजर हलवावीशीच वाटत नाही.

तर त्या धाटणीत मला मोठ्ठा 'अ' रंगवायचाय. अडलंय पिवळ्यावर. त्या पोथीत सोनं नाहीये, सोन्यासारखं दिसतं ते हरताळ नावाचं पिवळं खनिज, आणि हरताळात आर्सेनिक, घरात लहान मुलं आहेत त्यामुळे ते नकोच. लेमन यलो हिरवट दिसतो, यलो ऑकर अगदीच मातकट. गुवाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) कुठला शेड जवळ जाईल, का दोन्ही मिसळू? आणि गाठींच्या त्या केसाएवढ्या रेषांना ट्रिपल झीरो ब्रश पुरेल का सरळ टाकच घ्यावा? कागद हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत आहे. मिनिएचर करणाऱ्यांनी प्लीज सांगा, जमल्यास तुमच्या कामाचा फोटोही टाका.