पळणं सोपं, लपणं कठीण

'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' या कार रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये नुसता वेग असला की पोलीस मागे पडतात, असं कुणीकुणी म्हणतं. छे हो! २००५चा तो गेम मी दादरच्या सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर खेळलोय. हीट (म्हणजे पोलिसांच्या पाठलागाची पातळी) वाढली की पोलिसांच्या जड एसयूव्ही थेट समोरून अंगावर येतात, तिथे वेग काय कामाचा? डोनटच्या दुकानावरचा तो अवाढव्य डोनट मागच्या गाड्यांवर पाडायचा (काय समाधान!) आणि गल्लीत सटकायचं. पण खरा घाम कूलडाऊनमध्ये, म्हणजे पोलिसांच्या नजरेआड झाल्यावर पाठलाग संपायची वाट बघताना. नकाशावरच्या लपायच्या जागी गाडी थांबवून गप्प बसायचं, स्क्रीनवरची कूलडाऊनची पट्टी भरेपर्यंत. नेमका तेव्हाच कॅफेवाला ओरडायचा, "टाइम संपला!"