मदत हवी आहे: कुठंही लागलेलं नसताना मुलगा "लागलं का?" म्हणत राहतो

खानापूररोड
मुलगा साडेसहा वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. सुटे शब्द १५-२०. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरातीतला बँड, यातलं काहीही वाजलं की कान धरून "लागलं का? लागलं का?" सुरू. हसऱ्या-रडक्या-रागीट चेहऱ्यांचा तक्ता दोन महिने भिंतीवर आहे. "रागीट कुठला?" विचारलं तर बरोबर बोट ठेवतो, पण स्वतः चिडला की तिकडं ढुंकूनही बघत नाही. शाळा कन्नड, म्हणून घरीही कन्नडच बोला असं सगळे सांगतात. आजीला कन्नड येत नाही. काय करावं?

वाक्_उपचार
शब्द त्याच्याकडं आहे की! मूल पडलं की मोठी माणसं "लागलं का?" म्हणत धावतात. तेच अख्खं वाक्य त्यानं त्रासाचं नाव म्हणून उचललेलं दिसतंय. "कुठं लागलंय? काही नाही झालं," असं म्हटलं की त्याचं सांगणंच खोडलं जातं. त्याऐवजी त्याच्या तोंडी शोभेल असं म्हणा: "मोठा आवाज. नको मला." दर वेळी हेच. 'तुला नको का?' म्हणालात तर उद्या तो तेही जसंच्या तसं म्हणेल.

तक्ता उतरवा. चित्रातला राग ओळखणं वेगळं आणि आपली छाती धडधडतेय म्हणजे काय होतंय हे आतून कळणं वेगळं. सुरुवात शरीरापासून करा. शब्द सुचत नसेल तेव्हा त्यानं दाखवायची चित्रांची तीनच कार्डं: 'पुरे', 'दुखतंय', 'मोठा आवाज'.

विशेष_शिक्षिका_निपाणी
कार्ड ५ सेंमी चौरस. 'मोठा आवाज'साठी त्याचाच कान धरलेला फोटो चालेल. आधी फोटो कापा, मग लॅमिनेट करा आणि कडेला ४ मिमी प्लास्टिक सोडून पुन्हा कापा. फोटोलगत कापलं तर थर सुटतात आणि चावल्यावर लाळ आत जाते. वेल्क्रोची मऊ बाजू कार्डाला, खरखरीत पुठ्ठ्याला. पुठ्ठा त्याच्या छातीच्या उंचीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी. फ्रिजवर ठेवलेलं कार्ड म्हणजे नसलेलं कार्ड.

शिकवायची सुरुवात मिक्सरवर नको, गुदगुल्या किंवा झोक्यावर करा. खेळताखेळता तुम्हीच 'पुरे'ला बोट लावा, "पुरे" म्हणा, थांबा. मग मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडेच मोठ्या माणसांना सगळ्यात जड जातात. हात धरून त्याचं बोट टेकवू नका, "म्हण पुरे" नको. हे रोज १०-१५ वेळा, घरातल्या प्रत्येकानं.

पुढं त्यानं मिक्सर चालू असताना कार्ड दिलं, तर दोन-तीन सेकंदांत बटण बंद. "एवढी चटणी होऊ दे" म्हणालात की कार्ड खोटं ठरलं. मग तो परत किंचाळण्याकडंच वळणार. चटणी तो शाळेत गेल्यावर वाटा.

खानापूररोड
डोकं आपटायला लागला की कार्ड दाखवायचं का?

वाक्_उपचार
नाही. त्या वेळी बोलणं बंद, टीव्ही-दिवा बंद, बघ्यांना बाहेर काढा, डोक्याखाली उशी सरकवा. पूर्ण निवळल्यावर, अर्ध्या तासानं का होईना, कार्डाला बोट लावून एकदाच म्हणा: "मोठा आवाज झाला." उलटतपासणी नको. आपटणं नव्यानं सुरू झालं किंवा वाढलं असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान, दात आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या.

आणि मराठी सोडू नका. दोन भाषांमुळं ऑटिझम वाढत नाही. घरात एक माणूस गप्प बसलं तर मात्र मुलाचं नक्की नुकसान होतं. चित्र तेच ठेवा. घरच्या कार्डावर 'पुरे', शाळेच्या प्रतीवर कन्नड लिपीत 'साकु'. फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीत आहे. पण बॅटरी संपते, पुठ्ठा ठेवाच.

विशेष_शिक्षिका_निपाणी
तिन्ही कार्डं तो आपणहून द्यायला लागला की 'किती' शिकवता येतं. पंख्याच्या रेग्युलेटरचं चित्र काढा, १ ते ५. काही जण गॅसचं बटण वापरतात, 'सिम' आणि 'फुल'. ते नको, मुलं खऱ्या बटणाला हात घालतात. आधी स्वतःचं सांगा: "माझा राग ३ वर." तो ४ वर बोट ठेवील तेव्हाच आवाज कमी करा, ५ ची वाट बघू नका.

खानापूररोड
आमच्या पंख्याला चारच आकडे आहेत.

विशेष_शिक्षिका_निपाणी
मग चारच काढा. त्याला रोज दिसतो तोच पंखा हवा.