धाकट्या भावासाठी दिवसाचे चार तास : कराड परिसरात काही सोय आहे का?

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे आणि गेली अकरा वर्षे त्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधे नियमित चालू असल्यामुळे तीन वर्षांत त्याला एकदाही रुग्णालयात ठेवावे लागलेले नाही. तेव्हा डॉक्टर बदलण्याचा किंवा नवे उपचार शोधण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दिवसाचा. सकाळी चहा झाला की तो कॉटवर बसतो, रात्री जेवण झाले की त्याच कॉटवर आडवा होतो, आणि मधले सगळे तास आईच्या डोळ्यांदेखत जातात. वडील ७१ वर्षांचे आहेत, आई ६६ वर्षांची. दोन वर्षांत आई एकटी मंडईत गेल्याचे मला आठवत नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. त्याला रोज तीन-चार तास घराबाहेर राहता येईल असे दिवसा चालणारे केंद्र किंवा काम, आणि आईला मोकळेपणाने बोलता येईल असा आधारगट. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे आणि महिन्याला तीन हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च मला झेपणार नाही. त्याला निवासी संस्थेत ठेवायचे नाही, कारण त्याला स्वतःला ते नको आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सिंहगडरस्ता :
ताई, डोळे झाकून पुण्याला या. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली सुरू झालेली 'सा', म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, धायरीला आहे. तिच्या आधारगटात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या मुलाबद्दल जे मी सख्ख्या भावालाही सांगितले नव्हते, ते शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनी माझ्याआधी स्वतःच्या मुलीबद्दल सांगून टाकले. तिथे आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आम्ही तर मिरजेचे घर विकून इकडे राहायला आलो.

कृष्णाकाठ :
काका, मनापासून आभार. परंतु कराडहून पुणे एसटीने साडेतीन तासांवर आहे, त्यामुळे रोजचे जाणे शक्य नाही, आणि घर विकण्याचा विचार वडिलांपुढे मांडण्याचे धैर्य माझ्यात नाही.

निवृत्तअभियंता :
आमच्या चिरंजिवांना आम्ही गेली सहा वर्षे एका खासगी निवासी केंद्रात ठेवले आहे. महिना अठ्ठावीस हजार रुपये घेतात, पण प्रशस्त बाग आहे, योगवर्ग आहे, दर रविवारी गोड जेवण असते. प्रकृतीच्या बाबतीत पैशाकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवी असल्यास छायाचित्रे पाठवतो.

गोदावरी :
त्यांनी तीन हजार लिहिले आहेत आणि निवासी नको असेही लिहिले आहे. अठ्ठावीस हजारांच्या बागेची छायाचित्रे पाहून त्या काय करणार?

निवृत्तअभियंता :
मी केवळ अनुभव सांगितला. अनुभव सांगण्यावर बंदी आहे काय?

वारणेचावाघ :
पुण्याचेच मुक्तांगण उत्तम आहे. माझा मेहुणा तिथे जाऊन पूर्ण बरा झाला.

गोदावरी :
मुक्तांगण १९८६ साली सुरू झाले ते व्यसनमुक्तीसाठी. यांच्या भावाला व्यसन आहे असे त्यांनी कुठे म्हटले आहे? धागा वाचून उत्तरे दिली तर बरे होईल.

मायणीकर :
मी आरोग्य विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ आणि परिचारिकेबरोबर मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्ता ही पदेही असतात, आणि ठरलेल्या वारी हे पथक तालुक्याच्या ठिकाणी येते. लोक फक्त गोळ्या घेऊन परततात. सामाजिक कार्यकर्त्याला भेटायला मिळते हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आपण साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्यांचे वार विचारून घ्यावेत. नेहमीच्या काही गोळ्या तिथे विनामूल्य मिळाल्या, तर आपल्या तीन हजारांतले काही शिल्लक राहतील.

दुसरे असे की, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८ मध्ये अर्धमार्गी गृहे (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यात राहायच्या जागा), आश्रयाच्या जागा, घरी येऊन केले जाणारे पुनर्वसन आणि समाजात राहून करायचे पुनर्वसन अशा सेवा सरकारने पुरवाव्यात असे लिहिलेले आहे. यांपैकी आपल्या तालुक्यात किती आहेत हे मोजायला एका हाताची बोटेसुद्धा जास्त होतील. तरीही लेखी अर्ज करून पोच घ्यावी. मागणीच नाही असे म्हणायला कार्यालयाला जागा राहू नये.

सिंहगडरस्ता :
मायणीकरांनी सांगितले तेच मीही सांगणार होतो. शिवाय १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा, क्रमांक टिपून ठेवा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. आमच्या सौभाग्यवतींनी मुलासाठी नव्हे, स्वतःसाठीच रात्री दोन वाजता दूरध्वनी केला होता.

वाळवातालुका :
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलाचे लग्न करून द्या. अंगावर जबाबदारी पडली की माणूस आपोआप उठतो. आमच्या भावकीत असेच एक प्रकरण होते.

तांबडीमाती :
आमच्याही भावकीत असेच एक प्रकरण होते, आणि त्यात नवरी मी होते. पहिल्या महिन्यात माझ्या नवऱ्याच्या गोळ्या डाळीच्या डब्यात सापडल्या, तेव्हा मला आजार कळला. आजार लपवून केलेला विवाह हिंदू विवाह कायद्यानुसार न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो, हे मला पुढे वकिलांनी सांगितले. मी तसे केले नाही, कारण माणूस वाईट नव्हता. फसवणूक त्याच्या आईवडिलांनी केली होती आणि त्यालाही कोणी विचारले नव्हते. या धाग्यावर हा सल्ला पुन्हा कोणी देऊ नये, अशी विनंती करते.

वाळवातालुका :
मी चांगल्या हेतूने लिहिले होते.

म्हापसेंकार :
गोव्यातून लिहितो. सर्वांना पुणेच दिसते याचे आश्चर्य वाटते, कारण या विषयावरचा एक महत्त्वाचा प्रयोग ताईंच्याच सातारा जिल्ह्यात झाला आहे. आमच्या इथली 'संगत' ही संस्था त्यात होती. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ व्यक्ती घेऊन, गावातल्याच साध्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वर्षभर घरी जायचे, औषधांविषयी बोलायचे, दिनक्रम बसवायचा, कामधंद्याकडे वळवायचे, असा तो प्रयोग होता. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता, त्यांच्यात थोडी अधिक सुधारणा दिसली. 'थोडी' हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण जादू झाली असे कोणीच म्हटलेले नाही. साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या दोन्ही विषयांत काम करते. तिथे आधी चौकशी करावी.

निवृत्तअभियंता :
अप्रशिक्षित माणसाच्या हाती असा रुग्ण देणे मला धोक्याचे वाटते.

म्हापसेंकार :
मी 'प्रशिक्षित' असे लिहिले आहे. कृपया पुन्हा वाचावे.

गोदावरी :
आणि 'असा रुग्ण' म्हणजे कसा?

सिंहगडरस्ता :
म्हणूनच शुभार्थी म्हणावे.

गोदावरी :
शब्द गोड केल्याने भाडे कमी होत नाही, काका. माझ्या बहिणीला शुभार्थी म्हणवून घेणे आवडत नाही. ती म्हणते, मला माझ्या नावाने हाक मारा.

कागदपत्रे :
अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले आहे का? नसल्यास लगेच काढावे. त्यानंतर निरामय योजनेत एक लाखाचा आरोग्य विमा मिळतो.

मायणीकर :
ही चूक फार पसरलेली आहे, म्हणून दुरुस्त करतो. निरामय ही राष्ट्रीय न्यास कायद्याखालची योजना आहे आणि तो कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता एवढ्यांपुरता आहे. स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही. मात्र प्रमाणपत्र काढावे हा सल्ला योग्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक नोंद झाल्यास पुढच्या बऱ्याच योजनांचे दार उघडते.

कागदपत्रे :
दुरुस्तीबद्दल आभार. आम्हाला निरामय नाकारले गेले ते का, हे आज कळले. प्रमाणपत्रासाठी मात्र मन घट्ट करून जावे. माझ्या आईने मुलाला घेऊन चार खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एका महाशयांनी "हा तर चांगला दिसतो आहे" असे म्हणून परत पाठवले, कारण त्या दिवशी तिने त्याला इस्त्रीचा सदरा घातला होता.

निवृत्तअभियंता :
विम्याचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणे बंधनकारक आहे. तरीही आमचा दावा दोनदा फेटाळला गेला आणि मी अकरा पत्रे लिहून तो मंजूर करून घेतला. ती पत्रे माझ्याकडे क्रमाने लावलेली आहेत.

गोदावरी :
त्या पत्रांचा नमुना इथे टाकलात, तर बागेच्या छायाचित्रांपेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. मी हे उपहासाने म्हणत नाही. फक्त ताईंच्या प्रश्नाला विमा लागू पडत नाही, कारण तो मुख्यतः दाखल झाल्यावरच मिळतो. दिवसाचे चार तास कोणी विमा उतरवून देत नाही.

अकरानंतर :
मी इथे सहसा लिहीत नाही. मला स्वतःला हा आजार आहे, सोळा वर्षांपासून. तुम्ही सर्वांनी त्यांच्या भावासाठी पुष्कळ सुचवले आहे, परंतु तो दिवसभर कॉटवर बसतो तेव्हा काय करत असतो, हे कोणी विचारलेले नाही. मी बसायचो तेव्हा रिकामा नसायचो. फक्त मलाच ऐकू येणारे आवाज चालू असत आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवणे हेच एक काम होते, त्याने संध्याकाळपर्यंत थकवा येई. घरचे मात्र म्हणत, काही न करता कसला थकतोस?

मी सध्या एका रोपवाटिकेत रोज तीन तास पिशव्या भरतो. तीन गोष्टी अनुभवातून सांगतो. काम सकाळी अकराच्या आधी ठेवू नका. रात्रीच्या गोळ्यांचा जडपणा तोपर्यंत उतरत नाही आणि लोक त्याला आळस समजतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस ठेवा. मालकाला आजार सांगायचा की नाही, हे भावाला ठरवू द्या. मी सांगितले, आणि मालकांनी एकच गोष्ट विचारली की त्रास वाढला तर मी ओळखायचे कसे. मी म्हणालो, मी टोपी काढायची विसरलो तर समजा. एरवी मी आत शिरताना टोपी काढतोच.

आणखी एक. २०१७ च्या त्याच कायद्याप्रमाणे आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, आपण साध्या कागदावर लिहून, सही करून नेमू शकतो. मी बहिणीचे नाव लिहिले आहे. तो कागद मी स्वतः लिहिला, त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

कृष्णाकाठ :
तुमचे उत्तर मी भावाला वाचून दाखवले. तो ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "टोपीचे चांगले आहे."

तांबडीमाती :
शांत जागेचे काम पाहावे, एवढेच मी सुचवेन. वाचनालय, देवळाची फुलबाग असे काही. गर्दी आणि गोंगाट टाळावा.

सिंहगडरस्ता :
सहमत. शांतता हवीच.

मायणीकर :
सहमत. रोपवाटिका सर्वांत उत्तम.

कृष्णाकाठ (दोन महिन्यांनंतर) :
सर्वांना नमस्कार. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे. आम्ही वाचनालयात विचारले, ते तयार होते. एका रोपवाटिकेचे मालकही तयार होते. भाऊ दोन्हीकडे एकेक दिवस गेला आणि परत आला. मग एके दिवशी तो स्वतःच म्हणाला की त्याला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत बसायचे आहे. मी गोंगाटाचे कारण पुढे केले, तेव्हा तो म्हणाला, "गिरणी चालू असली की बाकीचे ऐकू येत नाही." अकरा वर्षांत त्याने त्या आवाजांविषयी माझ्याशी केलेले हे सर्वांत लांब बोलणे होते.

डॉक्टरांना विचारले. त्यांनी यंत्राच्या पट्ट्याजवळ जायचे नाही, या अटीवर होकार दिला. तो डबे घेतो, वजन करतो, खडूने नाव लिहितो आणि पैसे मोजून गल्ल्यात टाकतो. वेळ साडेअकरा ते दोन, आठवड्यातून चार दिवस. आजाराविषयी त्याने मालकांना स्वतः सांगितले. मालक म्हणाले की गल्लीत ते सर्वांनाच ठाऊक आहे, वजन बरोबर आले म्हणजे झाले. पगार मीच गुपचूप त्यांच्याकडे द्यावा असा माझा विचार होता, पण तेही त्यांनी मानले नाही. ते त्याला दिवसाला साठ रुपये स्वतः देतात. पहिल्या आठवड्याच्या पैशांतून त्याने वडिलांना पायमोजे आणले.

आई महिन्यातून एकदा साताऱ्याला जाऊन तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या बाईंशी बोलून येते. कराडमध्ये आधारगट मिळाला नाही. तिघी आया मात्र जमल्या आहेत. त्या गुरुवारी आमच्या घरी बसतात, तेव्हा मला स्वयंपाकघरात जायला सांगतात. प्रमाणपत्राची दुसरी खेप व्हायची आहे. या वेळी सदऱ्याला इस्त्री करणार नाही.

निवृत्तअभियंता :
अभिनंदन. तरी पुढेमागे निवासी केंद्राची गरज भासली, तर दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे आहेच. पत्रांचा नमुना टंकून घेत आहे.

अकरानंतर :
गिरणीत मिरचीही दळतात का? दळत असतील तर त्या वेळी तोंडाला रुमाल बांधायला सांगा. आणि दिवाळीच्या आधी भाजणीची गर्दी होईल, तेव्हा चार दिवसांचे तीन दिवस करून घ्या.

कृष्णाकाठ :
मिरची सोमवारी असते आणि सोमवारी तो जात नाही. भाजणीचे लक्षात आले नव्हते. आजच मालकांशी बोलते.