मदत हवी आहे: सॅटेलाइट पडतोय आणि उद्या लेकीचा बारावीचा पेपर

लोकहो, विषय विचित्र आहे पण हसू नका. आम्ही ऐरोलीत राहतो, लेक बारावी सायन्सला, उद्या २१ फेब्रुवारी २०२४ ला इंग्रजीचा पहिला पेपर, सेंटर वाशीला. आणि आज संध्याकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतंय की युरोपचा ईआरएस-२ नावाचा बंद पडलेला सॅटेलाइट उद्या कोसळणार, सोबत नकाशा, त्यातली एक रेघ बरोब्बर ठाणे खाडीवरून गेलेली. सेक्रेटरींनी लगेच नोटीस काढली, उद्या गच्चीवर कुणी जायचं नाही आणि पाण्याच्या टाकीवर झाकण बसवणार (जे तीन महिने तुटलेलं आहे आणि ज्यासाठी मी चार वेळा बोललोय, असो).

त्यात आमची आई. तिला १९७९ ला पडलेलं अमेरिकेचं अवकाशस्थानक, स्कायलॅब आठवतंय, गावी म्हणे लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या आहोत की नाही कुणास ठाऊक म्हणून. हे सगळं ती नातीला रंगवून सांगतेय, पेपरच्या आदल्या रात्री!

लेक घाबरट नाहीये, पण तिचा एक प्रश्न आहे आणि मला उत्तर देता येत नाहीये. म्हणते, बाबा, ग्रहण सेकंदावर सांगतात, मग हा कुठे पडणार ते का सांगत नाहीत? माहीत नाही की लपवतायत? मी कॉमर्सवाला. कुणी साध्या मराठीत सांगेल का, लवकर, ती अजून जागी आहे.

प्रतिसाद १
काका, लपवत कुणी नाही. ग्रहणात मधे हवा येत नाही, इथे सगळा घोळ हवेचा आहे. हा सॅटेलाइट १९९५ चा, आता साधारण २३०० किलोचा. २०११ मध्ये काम संपल्यावर युरोपियन स्पेस एजन्सीने उरलेलं इंधन जाळून त्याला ७८५ किमी उंचीवरून ५७० च्या आसपास आणला आणि टाक्या रिकाम्या केल्या, म्हणजे वर स्फोट व्हायला नको. तेव्हापासून तो नुसता विरळ हवेला घासत घासत खाली येतोय, तेरा वर्षं. इंजिन नाही, ब्रेक नाही. वरची हवा किती दाट ते सूर्यावर अवलंबून, सूर्य तापट असला की ती फुगते आणि हा लवकर खाली येतो. त्यात तो गटांगळ्या खात असेल तर आडवा आला की जास्त अडतो, उभा आला की कमी.

आता वेग बघा, सेकंदाला साडेसात किमी. ऐरोली ते वाशी, जे आपण ट्रान्स हार्बर लोकलला लटकत वीसेक मिनिटांत करतो, त्याला दोन सेकंदही लागत नाहीत. मुंबई ते नागपूर दीड मिनिट. ठोकताळा असा की जेवढा वेळ उरलाय त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा अंदाज पुढेमागे होतो. म्हणजे एक दिवस आधी साधारण पाच तास इकडे, पाच तास तिकडे. दहा तासांत तो पृथ्वीला सहा-सात चकरा मारतो, मग जागा कशी सांगणार? तुमच्या नकाशातली रेघ म्हणजे त्याचा रस्ता, पडायची जागा नव्हे. ध्रुवांवरून फिरतो, त्यामुळे ती रेघ कुणा ना कुणाच्या गच्चीवरून जाणारच.

प्रतिसाद २
पण अगदीच काही पडत नाही असं सांगू नका पोरीला, खोटं ठरेल. २०२२ च्या पाडव्याला रात्री आकाशात जळत्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटरची धातूची रिंग पडली होती, ती चिनी रॉकेटच्या तुकड्याची. मी तेव्हा नागपूरला होतो, आम्हाला उल्काच वाटली. कुणाला लागलं नाही.

प्रतिसाद १
बरोबर, बहुतेक भाग ८० किमीच्या आसपास तुटून जळतो, टायटॅनियम-स्टीलच्या टाक्यांसारखं काही थोडं उरतं. पण पृथ्वीचा बहुतांश भाग पाणी. अवकाशातला कचरा लागून एखाद्या माणसाला इजा व्हायची वर्षाची शक्यता युरोपियन स्पेस एजन्सी शंभर अब्जात एकापेक्षा कमी सांगते. आजींना सांगा, स्कायलॅब ७५ टनांच्या वर होतं, हा सव्वादोन. आणि गेल्याच आठवड्यात, १४ तारखेला, आपल्या इस्रोचा कार्टोसॅट-२ हिंद महासागरावर पडला, तो आला होता का ग्रुपवर?

प्रतिसाद ३
लोकल वेळेवर येईल का त्याची काळजी करा दादा. एक गाडी आधीची पकडा. लेकीला शुभेच्छा.

धागाकर्ता (२२ फेब्रुवारी)
सगळ्यांचे आभार. तुमचं ट्रान्स हार्बरचं उदाहरण वाचून दाखवलं, तिला एकदम पटलं, दहा मिनिटांत झोपली. मी मात्र दोनपर्यंत जागा होतो. पेपर बरा गेला म्हणते. सॅटेलाइट काल रात्री आपल्या पावणेअकराच्या सुमारास अलास्का आणि हवाईच्या मधे पॅसिफिकवर जळाला. आईचं म्हणणं, तिकडच्या कोळ्यांना कुणी सांगितलं होतं का. टाकीचं झाकण काल सकाळी बसलं, नवीन, कुलपासकट.