मदत हवी आहे: लॅक्टोजबरोबर दळलेलं इंडोमेथासिन खरंच अस्फटिक झालंय का?

मंडळी, इंदूरला एम.फार्म. करतोय. इंडोमेथासिन (वेदनाशामक औषध) पाण्यात जेमतेम विरघळतं. अस्फटिक झालं, म्हणजे रेणूंची स्फटिकातली नियमित मांडणी मोडली, तर जास्त विरघळेल, म्हणून ते बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात) एकदा लॅक्टोज मोनोहायड्रेटबरोबर आणि एकदा मॅनिटॉलबरोबर दळलं, दोन्ही 1:1. (मिलच्या खडखडाटाने शेजारची लॅब दार लावून बसते, तो भाग वेगळा.)

लॅक्टोजची पांढरट पूड चक्क पिवळी झाली आणि डीएससीत (नमुना तापवून तो कुठे वितळतो ते दाखवणाऱ्या चाचणीत) औषधाचं 161 अंश सेल्सिअसजवळचं वितळण्याचं शिखर गायब. मॅनिटॉलवाल्यात एकच रुंद शिखर, जरा अलीकडे सरकलेलं. गाइड सर म्हणतात, दोन्हीकडे स्फटिकपणा गेला. मला मॅनिटॉलचं पटत नाही, कारण ते स्वतःच 166 च्या आसपास वितळतं. एक्सआरडीचा (स्फटिकपणा थेट दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीचा) नंबर अजून लागायचाय. शिवाय पावसाळा सुरू झाल्यापासून लॅक्टोजच्या बाटलीत गुठळ्या होताहेत. कुणी यातून गेलंय का?

उत्तर:
शंका रास्त आहे. मॅनिटॉल औषधाच्या जवळपासच वितळतं, त्यामुळे डीएससीत तापवतानाच दोघांची शिखरं एकमेकांत मिसळू शकतात; एकच शिखर दिसलं म्हणजे दळताना काही घडलं असं होत नाही. त्याच प्रमाणातलं, न दळता नुसतं कालवलेलं मिश्रण लावून बघा. तिथेही तसंच शिखर आलं तर सरांना तोच आलेख दाखवा.

दोन्ही वाहकांत (औषधाबरोबर दळलेल्या पदार्थांत) फरक पडणारच. कोरड्या अस्फटिक लॅक्टोजचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर काचेसारखा कडक अस्फटिक पदार्थ मऊ पडतो) शंभरच्या वर, मॅनिटॉलचं 10-15 च्या घरात. मॅनिटॉल दळताना मोडलं तरी लगेच पुन्हा स्फटिक होतं, फार तर रूप बदलतं. औषधाला धरून ठेवायची ताकद त्यात नाही. पिवळा रंग अस्फटिक इंडोमेथासिनचा असू शकतो, पण रंगावर प्रबंध लिहिता येत नाही.

गुठळ्या म्हणजे पूड ओल खातेय. पाण्याने काचसंक्रमण खाली येतं आणि स्फटिक परततात. दळल्याबरोबर डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. एक्सआरडीसाठी इंदूरच्याच खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात विचारून बघा. आलेखात 11.6 अंश कोनाला (2θ) रेषा दिसली तर औषधाचं मूळ स्फटिकरूप, गॅमा, शिल्लक आहे. 8.4 ला दिसली तर अल्फा हे दुसरं स्फटिकरूप तयार झालंय.

आणि जार किती तापतो? नुसत्या इंडोमेथासिनचं काचसंक्रमण जेमतेम 42 अंशांना आहे. थांबत थांबत दळताय की सलग?

धागाकर्ता:
सलगच. न दळलेलं मिश्रण आधी लावतो, मग जारमध्ये थर्मामीटर.