घरचे बटाटे कधी काढावेत, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात टिकवावेत कसे?

अंगणवेल:
नमस्कार. मी राजेंद्र नगरात राहते. मागच्या अंगणात दहा बाय चार फुटांचा वाफा आहे, माती आपली माळव्याची काळी. 8 नोव्हेंबरला कुफरी ज्योती या जातीच्या बटाट्याचं बेणं लावलं, दोनदा मातीची भर दिली. आज 82 दिवस झाले आणि खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत.

मागच्या वर्षी पाला हिरवागार असतानाच सगळे उपटून काढले, स्वच्छ धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत भरले. पंधरा दिवसांत निम्मे सडले. उरलेल्यांचा आईनं कीस घातला, तो काळा पडला. आईच्या सगळ्या एकादश्या असतात. यंदा आषाढीपर्यंत तिला घरच्या बटाट्याचा कीस पुरावा, अशी फार इच्छा आहे. काढणी कधी करू, ठेवू कसे आणि कीस कसा घालू? स्वतः केलेल्यांनी सांगावं.

काळीमाती_देपालपूर:
ताई, मागच्या वर्षी घाई झाली, बाकी तुमचं काही चुकलं नाही. पाला हिरवा असतो तेव्हा बटाट्याची साल कोवळी असते. हात लागला की सुटते, आणि सोललेल्या जागेतून सड आत शिरते. त्यात धुतलेला ओला बटाटा प्लास्टिकमध्ये कोंडला, मग तो टिकणार कसा?

ज्योतीला आपल्याकडे नव्वद ते शंभर दिवस द्या. अर्ध्याहून जास्त पाला पिवळा झाला की पाणी बंद करा आणि विळ्यानं जमिनीलगत कापून टाका. झाड उपटू नका. मग 12 ते 15 दिवस बटाटे मातीतच राहू देत, तेवढ्यात साल पक्की होते. एखादा बटाटा उकरून अंगठ्यानं जोरात घासून बघा. साल निघाली तर आणखी चार दिवस थांबा.

या दिवसांत काळी माती तडकते, तिकडे लक्ष ठेवा. भेगेतून ऊन आत गेलं की बटाटा हिरवा होतो, आणि त्याच भेगांतून पतंग अंडी घालून जातो. त्याची अळी बटाटा पोखरते. रोज संध्याकाळी पायानं भेगा बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माल यानंच वाचतो. मावठा झाला तर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती खणण्याजोगी सुकल्याशिवाय खणू नका, ओली काळी माती बटाट्याला लिंपून बसते.

काढल्यावर धुवायचे नाहीत. सुकी माती हातानं झाडायची, कुदळ लागलेले वेगळे काढून आधी खायचे. बाकीचे दहा-पंधरा दिवस सावलीत, वारं लागेल असे पसरून वर गोणपाट टाका. नंतर बांबूच्या टोपलीत, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात. आमचे वडील शेतातच झाडाखाली ढीग करून गव्हाच्या काडानं जाड झाकायचे. एप्रिलपर्यंत चांगले राहतात. मे महिन्यात कोंब येतात, सुरकुततात.

सकाळचा_चहा:
एवढं कशाला? फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, महिनोन्महिने राहतात. आम्ही तसेच ठेवतो.

माईंचं_स्वयंपाकघर:
अरे दादा, भाजीला चालतील एक वेळ, पण किसाला नको. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. मग कीस तळला की लाल होतो आणि चवीला गोडसर लागतो. म्हणून चिप्सवालेसुद्धा त्यांचे बटाटे फार थंड ठेवत नाहीत.

बाळ, आता तुझ्या आईच्या किसाचं. काळा पडला तो हवेनं. सोललेला बटाटा उघडा राहिला की काळवंडतोच. मी चाळीस वर्षं रामबागेतल्या गच्चीवर घालते आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायचं आणि थेट पाण्यातच किसायचं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा बदलायचं. शेवटच्या पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवायचा, जास्त नको, कीस तुरट होतो. मग उकळत्या पाण्यात सैंधव घालून कीस सोडायचा, पारदर्शक दिसायला लागला की लगेच चाळणीवर. तीन मिनिटांच्या वर गेला तर लगदा होतो. सुती धोतरावर पातळ पसरायचा, सकाळी आठच्या आत, म्हणजे दिवसभराचं ऊन मिळतं. मार्चमधलं आपलं ऊन कोरडं असतं, दोन दिवसांत कडकडीत वाळतो. एप्रिलवर टाकू नको, वाऱ्यानं धूळ येते.

पाच किलोचा जेमतेम एक किलो होतो, हे आईला आधीच सांगून ठेव. पहिल्या पाण्याच्या तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व टाकू नको. वाळवून ठेव, उपासाच्या थालीपिठाला छान लागतं.

हिरवे झालेले बटाटे मात्र किसात घालू नको. तो कडूपणा शिजवूनही जात नाही.

अंगणवेल:
काकू, दादा, खूप आभार. यातलेच थोडे बटाटे पुढच्या वर्षी बेणं म्हणून ठेवले तर?

काळीमाती_देपालपूर:
नको ताई. ऑक्टोबरपर्यंत घरात राहायचे नाहीत, आणि मावा या किडीनं पसरवलेले विषाणू बेण्यातून पुढच्या पिकात येतात. दरवर्षी खात्रीचं बेणं आणा, दोन-तीन डोळे असलेलं. पुढच्या वेळी चिप्सोना जातीचं मिळालं तर घ्या, त्यात पाण्याचा अंश कमी, किसाला उत्तम. पुखराज जातीचा बटाटा उतरतो भरपूर, पण पाणचट आणि आतून पिवळसर. किसाला मी नाही घेणार.

अंगणवेल:
12 मार्च. 8 फेब्रुवारीला पाला कापला, 23 ला काढणी केली. साडेअकरा किलो भरले, त्यातले सहाशे ग्रॅम हिरवे निघाले, सगळे एका भेगेच्या कडेचे. दोन दिवस बाहेरगावी होते, तेव्हा ती बुजवायची राहिली. दोन टोपल्या जिन्याखाली ठेवल्या आहेत, एकही नासलेला नाही. काल पाच किलोचा कीस घातला. आज संध्याकाळी आईनं मूठभर हातात घेऊन चुरडून पाहिला आणि म्हणाली, अजून एक ऊन दे. पांढराशुभ्र आहे, काकू.