मदत हवी आहे : मापाच्या अर्थाने 'बॅरल'ला 'पिंप' म्हणावे का?

खनिज तेलाच्या इतिहासावरील एका लेखाचे भाषांतर करताना 'बॅरल' या शब्दापाशी अडलो आहे. बंदुकीच्या बॅरलला 'नळी' सहज चालते. अडचण मापाची आहे. वृत्तपत्रे तेलाचा भाव 'प्रतिपिंप' असा देतात, परंतु ते माप 42 अमेरिकी गॅलनांचे, म्हणजे सुमारे 159 लिटरचे असून वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र दोनशे लिटरचे लोखंडी पिंप उभे राहते. कोशांत 'पीप' ('पिंप'चेच दुसरे रूप) पोर्तुगीज 'पीपा'वरून आल्याचे सापडले (इंग्रजी 'बॅरल' जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागचे मूळ अनिश्चितच). तळटीपेची मुभा नाही. जुन्या मराठी लेखनात 'पीप' हे केवळ भांडे नव्हे, तर ठरावीक माप म्हणून वापरल्याचे उदाहरण कोणास ठाऊक आहे का?